अण्णांनी मला विकायला काढलं

वयाच्या बावन्नाव्या वर्षी, भर सभेत, माझ्या सख्ख्या वडिलांनी मला विकायला काढलं. आणि गिऱ्हाईकही मिळालं!

अण्णांनी सगळी उमर बैलबाजारात दलाली केली. पिंपळगाव रेणुकाईपासून धावड्यापर्यंत त्यांच्या शब्दावर बैल दावण बदलायचे. आता त्यांना विसरण्याचा आजार आहे. सगळ्यात आधी ते मला विसरले. (मुलगा म्हणून माझी कामगिरीही लक्षात राहण्यासारखी नव्हती.) रोज सकाळी विचारतात, "पाव्हणं, कोण्या गावचे?"

गावात असे आणखी चार-पाच म्हातारे निघाले. त्यांना दिवसभर सांभाळायला देवळामागची पडकी खोली नीट करायचं ठरलं. निधीसाठी अण्णांचा जाहीर सत्कार ठेवू, ही अक्कल माझी. अण्णांच्या नावावर लोक देतील आणि जुनी माणसं बघून अण्णांना कदाचित मीही आठवेन, हा माझा खासगी लोभ. बायको म्हणाली, एवढ्या उन्हात शाल कशाला, नुसता हार घाला. पण शालीशिवाय सत्कार कसला? मी जाडजूड शाल आणली.

पाहुणे म्हणून भोकरदनचे एक बियाणेवाले शेठ आले होते. ते शाल घालायला वाकले, शाल घसरून दोघांच्या हातांवर पडली आणि अण्णांनी तिच्याखाली शेठची बोटं धरली. बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. शेठही शेतकऱ्याचंच पोर, त्यांनीही सवयीनं बोटं दाबली. पुढच्या रांगेतले म्हातारे सावरून बसले. सौदा सुरू झाला होता, फक्त जनावर नव्हतं.

जवळ माईक घेऊन मी उभा होतो.

"तोंड उघड," अण्णा म्हणाले. मी उघडलं. त्यांनी माझा ओठ वर करून शेठला दाखवलं.

"जुळलाय, समदे दात आलेत. पण दोन नकली हायेत."

मग त्यांनी माझा खांदा चाचपला. जू कधी लागलेलंच न्हाई, म्हणाले. कामाला बसका हाय, पण मारका न्हाई. माईक चालूच होता. बायकांच्या बाजूला माझी बायको मान डोलवत होती.

शेठना घाम फुटला. ते एक बोट कमी करायचे, अण्णा दोन वाढवायचे. शेवटी शेठनी हात टेकले. "अण्णा, तुम्ही म्हणता तेवढे खोलीला देतो. हात सोडा." बोट दाबलं म्हणजे सौदा पक्का, असं म्हाताऱ्यांनी बसल्या जागेवरून जाहीर केलं. खोलीच्या पत्र्यांची सोय झाली.

शेठ हसत म्हणाले, "मंग बैल घेऊन जाऊ का?"

अण्णांनी झटकन माझं मनगट धरलं. "न्हाई. ह्यो इकायचा न्हाई."

"का हो?"

"घरच्या गाईचा हाय."

मी माईकवर ढसाढसा रडलो. तेही सगळ्या गावानं ऐकलं.

संध्याकाळी अण्णांनी पुन्हा विचारलं, "पाव्हणं, कोण्या गावचे?" मी म्हटलं, तुमच्याच दावणीचा. त्यांनी मला नीट न्याहाळलं, उठून गोठ्यात गेले आणि कडब्याची पेंढी आणून प्रेमानं माझ्यापुढं टाकली.

मी ती खाल्ली नाही. पण खरं सांगतो, तोंड उघडलं होतं!