पिकूनही हिरवा

आम्ही दुसऱ्याच्या मळ्यात टोमॅटो तोडायचो. लाल माल बाजारात जायचा. वाटणीला येणाऱ्या कच्च्या हिरव्यांची आंबट भाजी खाऊन आईला हिरव्याचा तिटकाराच बसला. घरातली पहिली पदवी मी घेतली आणि परसात पिकूनही हिरवीच राहणारी टोमॅटोची जात निवडून लावली.

आई भडकली. "एवढी शिकलीस, आणि पुन्हा हिरवेच?"

"दाबून तर बघ."

अंगठ्याखाली फळ मऊ लागलं, बुडाशी पिवळसर झाक होती. आपण रंगावरून ठरवतो आणि पुढे जातो. हात लावायला थांबतं कोण? आई थांबली. तिनं चावा घेतला. मग म्हणाली, "गोड आहे गं."

उरलेल्या अर्ध्या फळाच्या बिया तिनं राखेत घोळून वाळवल्या. यंदा परसातला अख्खा वाफा त्याच बियांचा आहे.