अर्ध्या पानावरचा अंगठा

ओडिल केरेमान्स लिलावाला येते तेव्हा तिच्या आधी तिचा वास पोचतो. ब्रसेल्सच्या मारोल वस्तीत, चर्चसमोरच्या चौकात तिचं फ्रीतचं दुकान आहे. बटाट्याच्या त्या तळलेल्या सळयांना कुणी 'फ्रेंच' म्हटलं तर ती झारा उगारते. आईच्या काळापासून तिथे बटाटे बीफच्या चरबीत दोनदा तळले जातात, आणि ती चरबी ओडिलच्या केसांत, कोटात, पर्सच्या पट्ट्यात मुरली आहे. चढावरच्या साब्लाँ चौकातल्या लिलावघरात ती तिसऱ्या रांगेत बसली की शेजारची खुर्ची आपोआप रिकामी राहते. ओडिल तिच्यावर छत्री ठेवते. "दुपारी नाक धरतात आणि संध्याकाळी माझ्याकडेच रांग लावतात," असं ती म्हणते, आणि ते खोटं नाही.

चित्रकथांची मूळ पानं, म्हणजे छापण्याआधी चित्रकाराने स्वतः शाईने काढलेला कागद, ती घेते आणि विकते. कुणी शिकवलं नाही. ज्या चित्रकारांना लोक विसरले त्यांची पानं स्वस्तात उचलायची, पलंगाखाली ठेवायची, आणि एखाद्या शहाण्याला त्या चित्रकाराचा पुळका आला की बाहेर काढायची, एवढीच तिची विद्या. त्या विद्येवर दुकानाचं छप्पर नवं झालं आणि भाचीचं लग्न थाटात लागलं.

शिवाय एक खोड होती. जे पान हवं असेल त्याला लिलावाआधीच्या प्रदर्शनात ती भर लोकांत नावं ठेवायची. "ही काय रेघ आहे? शिंकता शिंकता काढलीय वाटतं." भाजीबाजारात वाढलेली बाई, दुसरं काय करणार? जुने व्यापारी तिला पुरते ओळखून होते. ओडिल एखाद्या पानापुढे गप्प उभी राहिली तर ते पुढे सरकत, आणि ती तोंड सोडू लागली की हळूच तिच्या मागे जमत. हे तिलाही ठाऊक होतं, पण जीभ आवरली तर ती ओडिल कसली.

त्या वसंतात लिलावाचा कॅटलॉग आला तो तिने कढईजवळच उभ्या उभ्या उघडला, आणि एक अख्खा घाणा करपला. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. पानावर छोटंसं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं: आन्सेल्म व्हर्हाग, 'कंडक्टर बर्लो' या चित्रकथेच्या एका पानाचा खालचा अर्धा भाग. वरच्या कडेला तेलकट डाग.

तिकडचे चित्रकार मोठं पान दोन अर्ध्या कागदांवर काढायचे. छापखान्यात दोन्ही अर्धे जोडले जात, आणि मग त्यांची ताटातूट झाली तर कुणाला फिकीर नसे. आन्सेल्म याच चौकात वरच्या मजल्यावर राहायचा आणि ओडिलच्या आईकडे, फिलोमेनकडे, उधारीवर जेवायचा. एकदा त्याने ट्राम कंडक्टर बर्लो फ्रीतच्या दुकानापुढे उभा असलेलं पान काढलं. दुकान फिलोमेनचंच होतं. शाई वाळताच तो खाली आला, दोन्ही अर्धे काउंटरवर एकाखाली एक जुळवून ठेवले आणि म्हणाला, "बघा मावशी, जमलंय का?"

फिलोमेनने झारा ठेवला आणि चित्रातल्या रांगेवर चरबीने माखलेला अंगठा दाबला, बरोब्बर दोन कागदांच्या सांध्यावर. "रांग एवढीच? माझ्याकडे एवढीच माणसं येतात होय रे?"

आन्सेल्म पोट धरून हसला. पान छापून आल्यावर वरचा अर्धा त्याने तिला भेट दिला आणि "खालचा उद्या आणतो" असं सांगून गेला. तो उद्या काही उगवला नाही. आन्सेल्म घर सोडून गेला, पुढे जगही सोडून गेला, आणि ओडिलच्या खोलीत भिंतीवर वरचा अर्धा राहिला. त्याच्या खालच्या कडेला पिवळट तेलाचा ठसा होता. आईच्या अंगठ्याचं टोक.

आईचे फोटो होते, नाही असं नाही. एका लग्नातला, एका बारशातला. सगळ्यांत ती कॅमेऱ्याला भिऊन काठीसारखी ताठ. ओडिलला आठवत होती ती आई वेगळीच होती: धिप्पाड, दुकानभर पसरलेली, मालकाच्या भाडेवसुलीवाल्याला झाऱ्याने पळवून लावणारी. ती आई फक्त त्या डागात होती. निम्मी. उरलेली निम्मी आता कॅटलॉगात, कागदाचा दोष म्हणून छापून आली होती.

नव्या कढयांसाठी ओडिलने सहा हजार युरो बाजूला ठेवले होते. कढया थांबतील, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. आपल्याकडे वरचा अर्धा आहे हे तिने आयुष्यात कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर खालच्याचा भाव चढला असता. प्रदर्शनाला ती शीळ घालत गेली.

पान भिंतीवर होतं. ओडिलने ते जवळून पाहिलं. ठसा तिथे होता, वरच्या कडेला टेकलेला. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून तिने नेहमीचा पट्टा सोडला.

"असलं पान लिलावात ठेवतात? अहो, ही चरबी आहे, चरबी. मला विचारा, आयुष्य गेलं तिच्यात. ती थांबत नाही, कागदात चालत जाते. आज कडेला आहे, दहा वर्षांत बर्लोचं तोंड खाईल."

मागे नामूरचे नोटरी गिस्लेन दपाव उभे होते. आन्सेल्मच्या पानांचे सगळ्यात मोठे संग्राहक, आणि लिलावात ओडिलचे जुने वैरी. ते मिशीत हसले. "बाई फार रागावल्यात. म्हणजे पान चांगलं दिसतंय."

"घ्या ना, घ्या. घरभर वास सुटेल."

हे सगळं आणखी एक जण ऐकत होता. एव्हरार, लिलावघराचा नवा तज्ज्ञ. माणूस हुशार, नीटनेटका, पण साब्लाँत येऊन त्याला जेमतेम महिना झाला होता. ओडिलची खोड त्याला कुणी सांगितली नव्हती. त्याचा चेहरा पांढरा पडलेला तिने पाहिला आणि मनात म्हणाली, छान, आता बोलीही खालून सुरू होईल. घरी जाताना तिने स्वतःसाठी बिअर घेतली.

लिलावाच्या सकाळी ती पुन्हा एकदा बघायला गेली, तर भिंतीवर नुसता खिळा.

एव्हरार हात चोळत पुढे आला. "ओडिलबाई, तुमचे आभार कसे मानू? तुम्ही बोललात म्हणून लक्षात आलं. पान साफ करायला पाठवलंय, रोझीनबाईंकडे. दुपारपर्यंत डाग गेलेला असेल. बघालच तुम्ही, कोरं करकरीत होऊन येईल."

ओडिलने भिंतीला हात लावला. आयुष्यभर या जिभेवर कमावलं, आणि आज त्याच जिभेने आईला पुसायला धाडलं होतं. "मेल्या, तुला कुणी सांगितलं होतं," एवढंच ती म्हणाली आणि बाहेर पडली. तिला राग स्वतःचा आला होता, पण तो त्या बिचाऱ्याच्या अंगावर गेला.

उतारावरून ती धावत घरी आली. या वयात, त्या गुडघ्यांनी. भिंतीवरची चौकट काखेत मारली आणि तशीच रोझीनकडे गेली. रोझीन जुने कागद दुरुस्त करायची. दोघी एका शाळेत शिकलेल्या. ओडिल दार ढकलून आत शिरली तेव्हा रोझीनच्या हातात ओला कापूस होता.

"हात लावू नकोस."

"अगं, काय झालं? बस आधी. मरशील धापा टाकून."

ओडिलने चौकटीतून आपला अर्धा काढला आणि टेबलावरच्या अर्ध्याच्या वर आणून ठेवला, जरा अंतर ठेवून. जुळवायचा धीर तिला झाला नाही. "आईचा अंगठा आहे तो," ती म्हणाली, आणि रडू लागली. रोझीनने फिलोमेनच्या हातच्या फ्रीत खाल्लेल्या होत्या. तिने कापूस टाकून दिला आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"पण ओडिल, पान लिलावघराचं आहे. त्यांनी विचारलं तर का साफ केलं नाही म्हणून सांगू?"

"खरं सांग. नाही, थांब. मीच सांगते."

लिलावघरात एव्हरारने सगळं ऐकून घेतलं. दोन्ही अर्ध्यांकडे बघून त्याने डोक्याला हात लावला. "बाई, आता हे मला लिलावाआधी वाचून दाखवावं लागेल. डाग कसला, कुणाचा, वरचा अर्धा कुठे आहे. भाव वाढेल."

"मला शिकवू नकोस बाळा. वाच. पुसला जाण्यापेक्षा महाग झालेला बरा."

दुपारी दालन भरलं होतं. एव्हरार स्वतःच पुकारायला उभा होता. त्याने फिलोमेनच्या अंगठ्याची हकीकत वाचली आणि रांगारांगांतून माना उंचावल्या. अर्धी माणसं पान बघत होती, अर्धी ओडिलला. आठशेपासून सुरू झालेली बोली बघता बघता दोन हजारांवर गेली, मग तीन. व्यापारी गळाले. उरले तिघे: ओडिल, नोटरीसाहेब, आणि इंटरनेटवरून बोली लावणारा कुणी बिनचेहऱ्याचा माणूस, ज्याचे आकडे पडद्यावर उमटत होते.

चार हजार. साडेचार. लिलावघराचं कमिशन धरलं तर ओडिलची मजल पाच हजारांपर्यंत होती. तिने बोलीची पाटी उचलली. "पाच हजार, तिसऱ्या रांगेत, ओडिलबाई," एव्हरार म्हणाला आणि नोटरीसाहेबांकडे वळला. साहेबांची पाटी मांडीवरून हलली. पुढचा आकडा ओडिलकडे नव्हता.

ती उठून उभी राहिली.

"बाई, लिलावात बोलायचं नसतं," एव्हरार हळूच म्हणाला.

"अर्धं तू वाचलंस, उरलेलं मी सांगते." ती दालनाकडे वळली. आवाज तोच होता, चौकात ऑर्डरी पुकारणारा. "ऐका. वरचा अर्धा माझा आहे आणि तो विकायचा नाही. आज नाही, उद्या नाही, मी मेल्यावरही नाही. माझ्याबरोबर पेटीत पुरायचा, भाचीला बजावून ठेवलंय. हा खालचा ज्याला हवा त्याने खुशाल घ्यावा आणि जन्मभर अर्धंच पान बघत बसावं. डाग तेवढा पुसू नका, एवढी भीक घाला. आणि पोरा, ते पडद्यातले कोण महाशय आहेत, त्यांनाही कळव."

संगणकावर बसलेल्या मुलीने एव्हरारकडे पाहिलं. त्याने मान डोलावली, आणि ती भराभरा टाइप करू लागली.

नोटरीसाहेबांचा हिशेब साधा होता, आणि तो त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता: आज खालचा घ्यायचा, वरच्यासाठी थांबायचं. म्हाताऱ्या बायकांची घरं शेवटी रिकामी होतातच. मृत्युपत्रं आणि वाटण्या, त्यांचा धंदाच तो. त्यांनी चष्मा काढला. "हे पेटीचं मृत्युपत्रात लिहिलंय का, बाई?"

"तुम्हीच लिहून द्या. सोमवारी येते. फी घ्यायची नाही."

दालन हसलं. साहेबही हसले, पण जरा उशिरा. ओडिलला ते वर्षानुवर्षं ओळखत होते. ही बाई ज्याला नावं ठेवते ते तिला हवं असतं, हे त्यांना पाठ होतं. या वेळी तिने सांगितलेला दोष, पान जन्मभर अर्धंच राहणार हा, मात्र खरा होता, आणि त्यावर औषध नव्हतं. त्यांनी पाटी मांडीखाली सारली आणि तिच्यावर बसले.

पडद्यावरही पुढचा आकडा आला नाही. एव्हरारने दोनदा विचारलं, मग हातोडी खाली आली. ओडिलने छत्री उचलली आणि पैसे भरायला गेली.

घरी आल्यावर तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. टेबलावर स्वच्छ चादर घातली. वरचा अर्धा ठेवला, खालचा हळूहळू सरकवत त्याला भिडवला. बर्लो वर होता, खाली दुकान, मधे रांग, आणि रांगेवर अख्खा अंगठा.

ती बघत राहिली. काहीतरी चुकतंय असं तिला वाटलं. तिने कागद हलवून पाहिला, पण कडा बिनचूक जुळल्या होत्या. एवढी वर्षं नुसत्या टोकावरून तिने मनात उरलेला अंगठा घडवला होता, आणि तो प्रचंड होता, त्या धिप्पाड आईला शोभेल असा. हा तर केवढासा. तिने आपला अंगठा त्याच्यावर धरला, कागदाला न टेकवता. ठसा तिच्या अंगठ्याखाली पूर्ण झाकला गेला.

एवढीशी होती आई. एवढ्याशा हातांनी ती सगळं करत होती, आणि ओडिलला ते कधी दिसलं नाही, कारण ती स्वतः तेव्हा आणखी लहान होती. ओडिल मनसोक्त रडली. कागदावर थेंब पडू नये म्हणून खुर्ची मागे घेऊन रडली.

मग खाली कुणीतरी दुकानाचं शटर ठोकलं. "ओ मादाम, आज उपास आहे का?"

तिने डोळे पुसले आणि खिडकीतून पाहिलं. दुकान उघडायची वेळ केव्हाच टळली होती. रांग चौक ओलांडून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती, आणि तिच्या शेवटी, हातात टोपी घेऊन, नामूरचे नोटरीसाहेब उभे होते. आईला पटली असती एवढी लांब रांग होती.