मामीची परात

माझ्या मामाने एका विमानापायी स्वतःची उभी हयात घालवली आणि मामीची एक परात. विमान युद्धातलं, मामाहूनही वयाने मोठं; मामा त्याचा मेकॅनिक. इंजिनातून तेल ठिबकतं म्हणून त्याने तीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातली परात उचलून खाली ठेवली, ती ठेवलीच! "अहो, माझी परात?" असं मामी अजून विचारते. मामाचं उत्तर ठरलेलं. "विमान उडायचं थांबलं की देतो."

ते थांबायची वेळ आली होती. विमानाचे मालक खर्चाला कंटाळले होते. इंजिन काढून विमान संग्रहालयात छताला टांगायचं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात युद्धपटवाले आले, त्यांना खरंखुरं विमान हवं होतं. सिनेमात नीट उडालं तर ठेवू, असं मालक म्हणाले. दिग्दर्शकाने एकच संध्याकाळ दिली. नाही जमलं तर तो विमान संगणकावर काढून मोकळा होणार होता. उडवणार होते मी. सगळ्यांचा जीव टांगणीला.

आदल्या दिवशी सिनेमावाल्यांच्या रंगाऱ्याने विमान छान रंगवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हँगरमध्ये जाऊन बघते तर परात कोरडी ठाक! मला कोण आनंद! धावत मामाकडे गेले.

"मामा, गळती थांबली! शहाणं झालं तुझं पोर."

मामाने हातातला चहा खाली ठेवला. "थांबली? मग आज उडायचं नाही."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"तीस वर्षं गळतंय ते. आज का गळत नाही, हे कळल्याशिवाय तुला वर पाठवणार नाही."

माझं डोकंच सटकलं. "तुलाच ते टांगलेलं बघायचंय!" असं मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले. म्हणायला नको होतं. तेलाची टाकी भरलेली आहे हे बघून मामा सरळ विमानाखाली उताणा झोपला आणि इंजिनाचं पोट बोटांनी चाचपू लागला. तास गेला. उन्हं कलली. दिग्दर्शक घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता.

"रंगारीबुवांना बोलवा!" खालून मामाचा आवाज आला.

इंजिनाला आतला दाब बाहेर टाकायला एक नळी असते, तेल तिथूनच ठिबकतं. रंग आत जाऊ नये म्हणून रंगाऱ्याने तिच्या तोंडावर कागदी पट्टी चिकटवली होती. ती काढायची विसरून त्यावरच रंग मारला होता. तसंच उडवलं असतं तर दाब वाढून सगळं तेल बाहेर फेकलं गेलं असतं आणि इंजिन हवेतच बंद पडलं असतं. रंगारी पांढराफटक पडला.

"काम सफाईदार आहे हो तुमचं," मामा म्हणाला. "जरा जास्तच."

पट्टी निघाली. परातीत थेंब पडला. मी मामाचा तेलकट हात धरला, माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "रडतेस काय, ऊन चाललंय!"

शेवटच्या उन्हात मी तीन फेऱ्या मारल्या. उतरले तेव्हा दिग्दर्शक नाचत होता. "हा धूर, हा आवाज! उरलेली सगळी दृश्यं यावरच!" मालकांनी तिथूनच संग्रहालयाला नकार कळवला.

मामाने मामीला फोन लावला. "ऐक, तुझी परात काही परत मिळत नाही."

"ठाऊक होतं मला," मामी म्हणाली. "सकाळीच नवीन आणली."