चांदबीबीच्या महालावरून

सखू, मी नगरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला निघाले तेव्हा तू, माझी पाठची बहीण, गाडीमागे वेशीपर्यंत आली होतीस. बाप असून आबा आले नाहीत. ओट्यावरूनच म्हणाले, "माझा पटका खाली ठिवायची येळ आनू नगंस." नगर अवघं पाच कोस, पण हॉस्टेलात राहायला जाणारी गावातली पहिली मुलगी मी. जणू विलायतेलाच चालले होते.

चार महिने आबांचा निरोप नाही की भेट नाही. मी घंटेवर उठायला शिकले, पाठाचं टाचण काढायला शिकले, लढाईच्या दिवसांतली रेशनच्या मिलोची, त्या परदेशी तांबड्या ज्वारीची, भाकरी गिळायला शिकले. घर मात्र आपलं राहिलं की नाही, ते कळत नव्हतं. त्याने जीव तुटायचा.

भादव्याच्या अखेरीस बाईंनी चांदबीबीच्या महालावर ट्रिप काढली. त्या डोंगरामागेच आपलं गाव. मी तुला कार्ड टाकलं, रविवारी दुपारी घरावरच्या सपाट धाब्यावर तांबडी वाकळ पसर, मी वरून घर ओळखीन.

भिंतीतला अंधारा जिना चढून आम्ही वर गेलो. मुली नगरचा किल्ला शोधू लागल्या. मी मागच्या कमानीत गेले आणि कपाळावर हात मारून घेतला. नवरात्राचे घट दोन दिवसांवर आले होते. साऱ्या गावाने गोधड्या, वाकळा धुऊन वाळत घातलेल्या. ज्या त्या धाब्यावर तांबडंच तांबडं. चार महिन्यांत मी एवढी शहरी झाले होते, की गोधड्या धुवायचे दिवसही विसरले.

डोळे पुसून पुन्हा पाहिलं तर एका धाब्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लांबलचक गुलाबी पट्टा. गावात गुलाबी पटका एकट्या आबांचा. मी इतक्या जोरात ओरडले की बाई धावत आल्या. "आमचं घर," मी सांगितलं, "ते बघा, आमचं घर."

पुढे तूच सांगितलंस, आबा म्हणाले होते, "समद्या गावाच्या गोधड्या भाईर हायेत. पोरीला आपलं घर कसं कळायचं?" आणि स्वतः शिडी चढले. मयतीशिवाय कधी उघड्या डोक्याने कुणाला न दिसलेला माणूस.

आता पुण्यात माझ्या नावाची पाटी असलेला बंगला आहे, आणि त्याचा मला अभिमानही आहे. तरी घर म्हटलं की मला तेच धाबं दिसतं, आणि मला ओळखता यावं म्हणून भर दुपारी, अख्ख्या गावादेखत, बोडक्या डोक्याने त्यावर उभे राहिलेले आबा.