खंडेनवमीचे जॉबकार्ड

जिच्या अठरा हातांत शस्त्रे आहेत आणि तरीही सारे जग जिला आईच म्हणते, त्या जगदंबेला आधी नमस्कार. तिच्याच नवरात्रात घडलेली ही गोष्ट आहे आणि ती सुडाची आहे. सुडाचे नाव काढले की सज्जन माणसे मान फिरवतात. आज फिरवू नये. ज्या बाईने तो घेतला तिचे हात ग्रीसने काळे होते, पण त्या हातांनी कधी खोटे लिहिले नव्हते.

विनिता लाटकर मूळची तासगावची. वडील राजाराम लाटकर मळणीयंत्रे दुरुस्त करीत आणि ही लेक शाळेचे दप्तर ठेवून पाना उचलीत असे. पुढे तिने मेकॅनिकलची पदविका घेतली, श्रीनाथशी लग्न केले, पण आडनाव वडिलांचेच ठेवले. श्रीनाथला वेलिंग्टनच्या एका सरकारी खात्यात संगणकाची नोकरी लागली, तेव्हा दोघे न्यूझीलंडला आली. घर मिळाले ते डोंगरापलीकडे, वायरारापातल्या एका लहान गावात. श्रीनाथ सकाळच्या रेल्वेने वेलिंग्टनला जाई आणि विनिता चालत कॉलिनच्या वर्कशॉपात.

कॉलिन हा त्या गावातला शेतीयंत्रांचा एकमेव व्यापारी. विक्रीही तोच करी आणि दुरुस्तीही. विनिताने त्याच्याकडे अकरा वर्षे काम केले. इंजिन सुरू करून दोन मिनिटे शांत उभी राही आणि दुखणे सांगे. शेतकरी फोन करून आधी विचारीत, “विनिता आहे का आज? असेल तर घेऊन येतो.” परक्या मुलुखात तिने कमावलेले धन ते एवढेच, आणि तिला ते पुरत होते.

चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात ते धन गेले. नील नावाच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आला होता. विनिताने तो तपासला आणि जॉबकार्डावर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदपत्रावर, स्वच्छ अक्षरात लिहिले: ब्रेकची नळी झिजली आहे, नवी बसेपर्यंत गाडी सोडू नये. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. नीलचे गवत कापून पडले होते, तो घाईला आला होता आणि कॉलिनने ट्रॅक्टर देऊन टाकला. तिसऱ्या दिवशी उतारावर ब्रेक लागला नाही. नीलने उडी मारली म्हणून जीव वाचला. पाय मात्र दोन ठिकाणी मोडला.

चौकशी झाली तेव्हा समोर आले ते दुसरेच जॉबकार्ड. त्यावर लिहिले होते, ब्रेक तपासले, ठीक आहेत. खाली नाव विनिताचे. तिने लिहिलेले कार्ड नाहीसे झाले होते. ती ओरडून ओरडून सांगत राहिली. ऐकून घेणारे लोक सभ्यपणे खाली पाहत राहिले. नोकरी गेली. नील इस्पितळात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिचे नाव सांगत होता. कोपऱ्यावरच्या डेअरीत ती दूध घ्यायला गेली की बोलणे थांबे आणि ती बाहेर पडली की पुन्हा सुरू होई.

“ऑकलंडला जाऊ या,” श्रीनाथ म्हणाला. “बॉटनी डाउन्सला आपली किती माणसं आहेत. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात ताजी मेथीसुद्धा मिळते म्हणे.”

“मेथी मिळेल,” विनिता म्हणाली. “नाव मिळेल का?”

त्या दिवसापासून तिने ठरवले, नाव जिथे पडले तिथेच उचलायचे आणि ज्याने पाडले त्याच्या हातूनच उचलून घ्यायचे.

कॉलिनच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, शंभर वर्षांचे एक विटांचे गोदाम उभे होते. कधीकाळी तिथे लोकरीचे गठ्ठे रचत, मग फर्निचरचे दुकान आले, मग भूकंपात टिकणार नाही अशी नोटीस दारावर लागली आणि आत कबुतरे राहू लागली. दोन वर्षे घराच्या गॅरेजात गवत कापायची यंत्रे दुरुस्त करून झाल्यावर विनिताने ते गोदाम भाड्याने घेतले. गावाने तिला वेडी म्हटले. तिने अंगात ओव्हरऑल चढवला.

इमारत सावरायला वेलिंग्टनहून सुगत आला. सुगत मूळचा नागपूरचा, बांधकाम अभियंता, मोजके बोलणारा आणि मोजून बोलणारा. त्याने विटांच्या भिंतींना आतून पोलादी चौकटी दिल्या. छपराचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे परवानाधारक माणसांकडून एकेक उतरवून घेतले. जुनी लाकडी जमीन काढली आणि दहा टनांचे यंत्र तोलील असे काँक्रीट ओतले. यंत्रे धुण्याच्या जागेखाली तेल वेगळे करणारी टाकी बसवली, म्हणजे काळे पाणी ओढ्यात जायला नको. या साऱ्याला दीड वर्ष लागले.

मात्र त्या इमारतीतल्या प्रत्येक गोष्टीत सूड होता. दाराची उंची किती, असे सुगतने विचारले.

“कॉलिनच्या दारापेक्षा एक मीटर जास्त.”

“खिडकी?”

“कॉलिनच्या फाटकासमोर.”

“आणि इथे रस्त्याच्या बाजूला भिंतीऐवजी काच कशाला, ताई? धूळ बसेल.”

“बसू दे. पुसेन. ज्याचा ट्रॅक्टर असेल त्यानं काचेपलीकडे उभं राहून बघायचं, आत काय चाललंय ते. आणि जॉबकार्डाच्या तीन प्रती. एक तिथल्या तिथे त्याच्या हातात.”

सुगतने नकाशाची गुंडाळी केली. “एक सांगा ताई, ही इमारत मी भूकंपासाठी मजबूत करतोय की कॉलिनसाठी?”

“दोघांसाठी,” विनिता म्हणाली. “भूकंप येईल तेव्हा येईल.”

शास्त्रांनी वैराचीही एक भक्ती सांगितली आहे. भक्त देवाला आठवतो तो प्रेमाने, वैरी आठवतो तो द्वेषाने. पण अखंड स्मरण दोघांचेही सारखेच. विनिताला काँक्रीट ओतताना कॉलिन दिसे, रंग लावताना कॉलिन दिसे, जेवताना पानात कॉलिन दिसे. त्या स्मरणाने तिला जाळले आणि त्याच आगीवर हे वर्कशॉप शिजले. इतकी लखलखीत जमीन, इतका मोकळा उजेड, इतका चोख कारभार त्या जिल्ह्यात दुसरा नव्हता. प्रेमाने बांधले असते तर याहून चांगले बांधले असते का, हे जगदंबाच जाणे.

उद्घाटन दसऱ्याला ठरले. आदल्या दिवशी खंडेनवमी. तासगावात राजाराम लाटकर त्या दिवशी सारी हत्यारे धुऊन, पुसून, हळदकुंकू वाहून मांडीत आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत एकाही पान्याला हात लावीत नसत. वर्षभर राबणाऱ्या लोखंडालाही एक दिवस विसावा हवा, असे ते म्हणत. विनितानेही तसेच केले. पाने, हातोडे, बेअरिंग ओढायचे पुलर, सारे नव्या बाकावर मांडले. झेंडू मिळेना, म्हणून शेजारणीच्या बागेतली पिवळी फुले वाहिली. निरांजन लावले आणि हात जोडले.

दुपारी बाराला दारात ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॅक्टरमागे ओढून आणलेला हार्वेस्टर होता, कापून पडलेले गवत उचलून त्याचा मुरघासासाठी बारीक चुरा करणारे अवाढव्य यंत्र. ट्रॅक्टरवरून कॉलिन उतरला. मागे गाडीतून नील उतरला; तो अजून किंचित लंगडत होता. चार वर्षांत दोघांपैकी एकही तिच्याशी शब्द बोलला नव्हता.

“ड्रमचं बेअरिंग गेलंय,” कॉलिन म्हणाला. नवे बेअरिंग त्याच्या हातातच होते. “नीलचं सगळं गवत कापून पडलंय. उद्या दुपारी पाऊस आहे. माझ्या पोरांना हा ड्रम उघडायलाच दोन दिवस लागतील.”

“आणि मला?”

“चार तास,” कॉलिन जमिनीकडे पाहत म्हणाला.

नील दारातच थांबला होता. “मी नको म्हणत होतो,” तो म्हणाला. “माझा एक पाय दिलाय मी हिच्या कामापायी.”

“नील, बाबा रे, हिचं काम चोख आहे,” कॉलिन घाईने म्हणाला. “माझ्या शब्दावर विश्वास ठेव.”

विनिताने बाकावरच्या हत्यारांकडे पाहिले. तिने नुसते एवढे म्हटले तरी पुरे होते: आज आमचा सण आहे, आज हत्यार उचलता येत नाही. कुणी तिला दोष दिला नसता. गवत कुजले असते, नील कॉलिनवर उलटला असता, आणि ती निरांजनासमोर शांत बसून राहिली असती. किती सोपा सूड, आणि वर पुण्याचा मुलामा. क्षणभर तो तिच्या जिभेवर आला. पण ज्या माणसाने तिच्या नावाआड लपून स्वतःला वाचवले, त्याचा सूड तिने देवीआड लपून घ्यायचा? तिने तो सोपा सूड गिळला आणि अवघड सूड हाती घेतला.

“कॉलिन,” ती म्हणाली, “माझं काम चोख आहे, हे तूच म्हणालास. मग नीलला सांग, चोख काम करणारीनं ते ब्रेक ठीक आहेत असं कसं लिहिलं?”

कॉलिनने हातातले बेअरिंग उलटसुलट करून पाहिले.

“हे बघ,” विनिताने बाकाकडे बोट दाखवले. “आज ही हत्यारं पूजेत आहेत. माझ्या बापानं आयुष्यात या दिवशी पाना उचलला नाही. मी उचलीन. देवीची माफी मी मागीन, तो माझा आणि तिचा प्रश्न. पण माझ्या पहिल्या जॉबकार्डावर पहिली ओळ तू लिहायचीस. खरी.”

“विनिता, त्याला चार वर्षं झाली.”

“मला माहीत आहेत किती झाली. मी मोजली आहेत, तू नाहीस.”

“कसली ओळ?” नीलने विचारले. मग त्याने कॉलिनच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पाहतच राहिला. “कॉलिन, कसली ओळ?”

बाहेर आकाश निरभ्र होते आणि निळ्या आकाशाखाली नीलचे गवत पडून होते. कॉलिनने दोनदा खिशात हात घातला, दोनदा काढला. शेवटी तो बाकाशी आला, हळदकुंकवाच्या हत्यारांशेजारी ओणवा झाला आणि त्याने लिहिले: ब्रेकची नळी झिजली आहे, ट्रॅक्टर सोडू नये, असे विनिता लाटकर हिने लिहिले होते. ते कार्ड मी काढून टाकले. ट्रॅक्टर मी सोडला. दुसरे कार्ड माझे आहे. खाली त्याने सही केली.

“नील, मोठ्यानं वाच,” विनिता म्हणाली.

नीलने वाचले. अर्ध्यात तो थांबला. तिने त्याला पुरे वाचायला लावले. वाचून झाल्यावर त्याने कागद बाकावर ठेवला.

“मी लोकांना सांगत फिरलो,” तो म्हणाला. “भेटेल त्याला सांगितलं. मी काय करू आता?”

“जितक्यांना ते सांगितलंस तितक्यांना आता हे सांग.”

मग तिने निरांजनाला हात जोडले, ओठांतल्या ओठांत आईची आणि बापाची क्षमा मागितली आणि पाना उचलला. पान्याचे कुंकू तिने पुसले नाही. काचेपलीकडे नील उभा होता. कॉलिनलाही तिने तिथेच उभे राहायला लावले, चारही तास. सव्वाचार वाजता ड्रम फिरला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एकसुरात.

“झालं मग,” निघताना कॉलिन म्हणाला. “आता फिटलं ना आपलं? तो कागद दे मला.”

“एक प्रत नीलची,” विनिता म्हणाली. “एक तुझी, ही घे. तिसरी उद्या या काचेवर लागेल.”

“उद्या सगळा जिल्हा येणार आहे इथं.”

“हो. म्हणूनच.”

दसऱ्याला ती लागली. जिल्हाभरचे शेतकरी आले, केक आला, श्रीनाथने केलेले बटाटेवडे सगळ्यांच्या आधी संपले. आपट्याची पाने तिथे कुठली. श्रीनाथने बागेतली गोल पाने तोडून आणली होती आणि तो सोने म्हणून सगळ्यांना वाटत होता. रस्त्यापलीकडे कॉलिन आपल्या फाटकात एकटा उभा होता.

“विनू, त्यालाही देऊन येऊ?” श्रीनाथने हळूच विचारले. “वैऱ्यालासुद्धा द्यायची रीत आहे आजच्या दिवशी.”

“माहीत आहे मला रीत. पुढच्या दसऱ्याला मी स्वतः नेऊन देईन,” ती म्हणाली. “यंदाचं वर्षभर त्यानं रोज सकाळी फाटक उघडताना ही काच बघायची.”

श्रीनाथने ते एक पान खिशात ठेवले. विनिताच्या डोळ्यांत त्या वेळी दया नव्हती, हे लिहिताना लेखणी अडखळते, पण नव्हती. पुढच्या दसऱ्यापर्यंत त्या दोघांनाही जगदंबेने सांभाळावे.

रातोरात गवत उचलून मोकळा झालेला नील तेवढ्यात आणखी एका शेतकऱ्याला दंडाला धरून काचेपाशी घेऊन आला. सकाळपासूनचा हा सातवा. तो म्हातारा चष्मा लावून, ओठ हलवत, ओळ न ओळ वाचू लागला. विनिता त्याचे वाचून पुरे होईपर्यंत शेजारी उभी राहिली, आणि मग तिने त्याच्या ट्रॅक्टरची किल्ली मागितली.