डोंगराचा एक्स-रे

एक्स-रेबाईंची सगळी नोकरी इस्पितळाच्या तळघरात गेली. तिथे सकाळ काय आणि संध्याकाळ काय, उजेड एकच, ट्यूबलाइटचा. शिशाचा जड एप्रन अंगावर चढवायचा, पेशंटची छाती पाटीला टेकवायची, आडोशामागे जायचं आणि ओरडायचं, "श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका... हं, सोडा." अर्ध्या शहराच्या फासळ्या त्यांच्या नजरेखालून गेल्या होत्या. चेहरे मात्र लक्षात राहत नसत. एकदा भाजीबाजारात एका गृहस्थांनी ओळख दाखवली, तेव्हा बाई बोलून गेल्या, "शर्ट काढून उभे राहा, मग लगेच ओळखते." पुढे कित्येक दिवस त्या बाजाराकडे फिरकल्या नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी बरोबरच्या लोकांनी त्यांना कॅमेरा दिला. चूक बाईंचीच होती. जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर जाऊन त्या शहरापलीकडच्या मोठ्या डोंगराकडे बघत बसायच्या आणि येईल त्याला सांगायच्या, "एकदा पहाटेच्या उजेडात याचे फोटो काढणार आहे मी." बोलायला काय जातंय! पण लोकांनी ते मनावर घेतलं आणि बाईंची पंचाईत झाली. आता नुसतं बघून भागणार नव्हतं.

पहिले फोटो त्यांनी घराच्या खिडकीतूनच काढले. डोंगर अगदी मधोमध, दोन्ही बाजूंना सारखी जागा, सगळं करड्या रंगाचं आणि सपाट. नवऱ्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, फोटो नीट निरखून पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "फ्रॅक्चर कुठे आहे?"

बाई हसल्या. पण मनातल्या मनात त्यांना मान्य करावं लागलं, की माणूस खोटं बोलत नव्हता.

म्हणून मग पहाटे घाटातल्या वळणावर जायचं ठरलं. तिथून डोंगर समोर येतो, असं सगळे सांगत. नवरा झोपेचा पक्का, तो उठणं शक्यच नव्हतं. गाडी बाई स्वतः चालवत, पण अंधारात एकटीने घाट चढायचा म्हटल्यावर वन्सं म्हणाल्या, "मी येते."

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. यजमान गेल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या, त्यालाही आता बराच काळ लोटला होता. नणंद-भावजय एका छपराखाली राहत. भांडण कधी नव्हतं, पण कुठल्या डब्यावर कुठलं झाकण, एवढा विषय सोडला तर बोलणंही फारसं नव्हतं. वन्सं घराबाहेर पडत त्या डॉक्टरकडे जाण्यापुरत्या. त्यामुळे त्या आपण होऊन येते म्हणाल्या, तेव्हा बाईंना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"फोटोतलं तुला काय कळतं, ते तुझं तू बघ," गाडीत बसताना वन्सं म्हणाल्या. "पण तू दरीबिरीत पडलीस, तर सकाळचा चहा मला कोण देणार?"

पहिल्या दिवशी बाई पडल्या नाहीत. बाकी सगळं झालं. ट्रायपॉडचा एक पाय आखूड राहिला आणि कॅमेरा प्यायल्यासारखा कलला. लेन्सवरचं झाकण न काढताच बाईंनी बरेच फोटो घेतले आणि "अजून फारच अंधार आहे," असं वन्संना समजावून सांगितलं. मग पूर्वेला तांबडं फुटलं. बाईंनी कॅमेरा थेट सूर्यावर रोखला आणि बटण दाबायचा सपाटा लावला.

वन्सं वाऱ्याकडे पाठ करून एका दगडावर बसल्या होत्या. "वहिनी," त्या म्हणाल्या, "इकडे मागे काहीतरी छान दिसतंय गं."

"शू! हलू नका."

"मी कुठे हलतेय? पण अख्खा डोंगर गुलाबी झालाय."

"वन्सं, प्लीज! सूर्य काय रोज उगवतो?"

हे आपण काय बोललो, ते बाईंच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला. तोवर वळणावर रोज येणारे दातांचे डॉक्टर आपलं सामान आवरू लागले होते. पाठीला लटकवलेला त्यांचा कॅमेरा एखाद्या तान्ह्या मुलाएवढा होता. जाता जाता ते हळूच म्हणाले, "मॅडम, उजेड जिथून येतो तिकडे पाठ करायची. तो जिथे पडतो, ते बघायचं."

बाई वळल्या. मोठा डोंगर केव्हाच आपला नेहमीचा करडा झाला होता. आणि बाईंच्या कॅमेऱ्यात काय होतं? पांढरा फटक गोळा आणि त्याच्याखाली काळं ठिक्कर काहीतरी. जन्मभर ज्या बाईने किरण कुठून निघतात आणि कुठे पडतात यावर पोट भरलं, तिला उजेडाची दिशा शिकवायला दातांचे डॉक्टर लागले! परतताना गाडीत त्यांनी हे वन्संना सांगितलं, तर वन्सं इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. बाईंनी गाडी कडेला घेऊन त्यांना पाणी दिलं.

पुढच्या खेपेला धुकं होतं. डोंगर तर सोडाच, कठडासुद्धा दिसेना. दोघी गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायल्या. बाईंना छातीत पाणी झालेल्या पेशंटच्या फिल्म आठवल्या, तर वन्संना आपलं लग्न ठरलं ती सकाळ आठवली. त्या दिवशीही असंच धुकं होतं आणि बघायला आलेली मंडळी वाट चुकून शेजारच्या घरात जाऊन बसली होती. "तिथे चहापाणीसुद्धा झालं त्यांचं," वन्सं म्हणाल्या. "शेजारणीची मुलगी चौथीत होती, तीच पोहोचवायला आली आमच्याकडे." ही गोष्ट बाईंनी इतक्या वर्षांत ऐकली नव्हती. फोटो एकही निघाला नाही.

त्यानंतर मात्र एक सकाळ अशी आली की काही म्हणजे काही खोट काढायला जागा नव्हती. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. ट्रायपॉड सरळ. झाकण खिशात. बाईंनी सूर्याकडे पाठ केली होती, आणि या प्रगतीबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटूनही घेतली होती. आधी शिखराचं टोक पेटलं. मग तो गुलाबी रंग कड्यावरून हळूहळू खाली उतरायला लागला.

"श्वास घ्या," बाई सवयीने मोठ्याने म्हणाल्या, "धरून ठेवा..."

दातांच्या डॉक्टरांनी दचकून खरंच श्वास धरला.

आणि नेमक्या त्याच वेळी वन्सं चौकटीत शिरल्या. अंगावरची तांबडी शाल दवाने ओली झाली होती, ती झटकायला त्या कठड्यापर्यंत गेल्या. एकदा झटकली आणि तशाच तिरक्या उभ्या राहिल्या, शालीचं एक टोक हातात, दुसरं जमिनीवर लोळतंय.

"वन्सं, बाजूला व्हा!"

वन्सं ढिम्म.

"वन्सं! उजेड चाललाय! सरका ना!"

ऐकू गेलं नाही की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. बाईंचा पारा चढला. एवढ्या पहाटे उठायचं, आणि हाताशी आलेला फोटो आपल्याच माणसाने घालवायचा! रागारागाने त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वन्सं भानावर येऊन "काय म्हणालीस?" असं विचारत मागे वळल्या, तोवर डोंगर विझला होता.

दुपारी नवऱ्याने कॅमेरा मागितला. बाईंनी तो पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "विचारा आता, फ्रॅक्चर कुठे आहे. वन्संनी मधोमध उभं राहून सगळ्याचं वाटोळं केलंय."

नवऱ्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाला, "ताई हसतेय."

बाई उठून त्याच्या खांद्यावरून वाकल्या. वन्संचा अर्धा चेहरा उजेडात होता. तोंड थोडं उघडं, डोळे बारीक झालेले, एखादी मुलगी गच्चीवरून वरात बघते तशा त्या डोंगराकडे बघत होत्या.

"असं हसताना तिला मी..." नवरा चष्मा पुसायला आत गेला.

बाईंनी कॅमेरा हातात घेतला. हे हसू त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होतं आणि त्या मागून 'सरका, सरका' म्हणून बोंबलत होत्या. जन्मात एक बरा फोटो निघाला, तोही चिडून. असल्या कलेबद्दल कुणाला काय सांगणार?

सांगायची वेळ मात्र आली. इस्पितळाने तळघराच्या कॉरिडॉरला नवा रंग दिला, तेव्हा जुन्या सहकाऱ्यांनी भिंतीसाठी फोटो मागितला. बाईंनी नुसत्या डोंगराचे चार नेऊन दाखवले. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि वन्संचा उचलला. फोटो लागल्यापासून वन्संचा गुडघा फार दुखायला लागला. एक्स-रे काढायलाच हवा, असा त्यांनी हट्ट धरला. गुडघ्यात काही निघालं नाही. कॉरिडॉरमधल्या बाकावर मात्र त्या सकाळभर बसल्या आणि शेजारच्या पेशंटला म्हणाल्या, "शाल चुरगळलेली आलीय. भावजयीने सांगितलं असतं, तर इस्त्रीची घेतली असती."

थंडी सरता सरता बाई एकदा एकट्याच वळणावर गेल्या. वन्संना सर्दी झाली होती. त्या दिवशी सगळं जमून आलं. चौकटीत कुणी शिरलं नाही, डोंगर पायथ्यापर्यंत गुलाबी झाला. दातांच्या डॉक्टरांनी फोटो पाहून "वा!" म्हटलं, तेही मनापासून. बाईंनी त्याला फ्रेम करून घेतली आणि मोठ्या दिमाखात जेवणाच्या टेबलासमोर लावली.

नवऱ्याने घास थांबवून पाहिला. "छान आहे," तो म्हणाला. "ताई कुठे गेली यातली?"

वन्सं नाक पुसत मागे आल्या, मान एका बाजूला कलवून बघत राहिल्या. बाई अगदी जीव मुठीत धरून उभ्या.

"वहिनी," वन्सं शेवटी म्हणाल्या, "उजवीकडे उतरलाय बघ."

"डोंगर तसाच आहे, वन्सं."

"डोंगर नाही गं. खिळ्यावरचा फोटो."

बाईंनी स्टूल आणलं आणि त्यावर चढल्या. वन्सं खालून सांगत होत्या, "थोडं वर... अगं, तिकडे नाही, इकडे... हं, हलू नकोस आता."