तळाची ओळ
तांबड्या पेन्सिलीच्या खुणांचा जुना कागद आज खणात सापडला. मोठ्या माणसांचे मृत्युलेख वर्तमानपत्रात आधीच लिहून ठेवतात. गिरणगावचा इतिहास लिहिणाऱ्या सरांचा मी लिहिला होता आणि तारखा तपासायला लोअर परळच्या चाळीत त्यांच्याकडे गेलो होतो. हातातला कागद कशाचा, ते त्यांनी लगेच ओळखलं. “आण इकडे. नंतर चुका कोण दुरुस्त करणार?” चहा निवेपर्यंत त्यांनी तांबड्या पेन्सिलीने खुणा करत सगळं वाचलं आणि तळाशी एकच ओळ लिहिली: त्यांना वाचायला शिकवलं ते गिरणीत कामाला जाणाऱ्या आईने. “एवढं राहू दे रे.” मी ती जिथल्या तिथे ठेवली. परवा सर गेले. पानावर जागा कमी होती, लेख तळातून कापला गेला. तळातूनच कापतात, हे मला तेव्हाही माहीत होतं.